पाडव्याची सुपारी

गुढीपाडव्याला आमच्या घरची गुढी दिवस उजाडायच्या आत उभी राहायची, कारण आबांना सकाळची पहिली एसटी गाठायची असे. कडुलिंबाची चटणी तोंडात टाकायची, गुढीला हात जोडायचे आणि निघायचे. सोबत यात्रा कमिटीतले आणखी चौघे. वर्गणीतून बाजूला काढलेले पैसे आबांच्या कोपरीच्या आतल्या खिशात, वरून पिन लावलेली. कुठे निघालात, असं त्यांना वाटेत कुणी विचारत नसे. पाडव्याला कारभारी मंडळी नारायणगावला जातात ती तमाशा ठरवायला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरांचा प्रश्न एकच असायचा आणि तो संध्याकाळी, परतीच्या एसटीपाशी: "कोणाचा ठरला?"

नारायणगाव म्हणजे जुन्नर तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मीना नदीकाठचं गाव. बाहेरच्या लोकांना ते आता टोमॅटोच्या बाजारामुळे माहीत असतं, नाहीतर शेजारच्या खोडदच्या त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीमुळे. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर या पट्ट्यातल्या खेड्यापाड्यांना ते तमाशापंढरी म्हणून ठाऊक आहे. पाडवा जवळ आला की तिथे राहुट्यांची रांग लागते. एकेक राहुटी म्हणजे एकेका फडाची कचेरी. दर्शनी भागावर फडाच्या नावाची रंगवलेली पाटी, आत सतरंजी, एक टेबल, दोन-चार खुर्च्या, कलावंतांचे फोटो आणि टेबलामागे फडाचा मॅनेजर, तारखांची वही उघडून बसलेला. गावोगावचे पुढारी या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा पितात, भाव करतात, उठून जातात, पुन्हा येतात. दिवेलागणीपर्यंत चैत्र-वैशाखाच्या दोन महिन्यांतलं कुठलं गाव कुठल्या रात्री कुणाची ढोलकी ऐकणार, हे बरंचसं पक्कं झालेलं असतं.

मी पहिल्यांदा आबांबरोबर गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. राहुटीत शिरल्याबरोबर आबांनी पायातलं पायताण बाहेर काढलं, हे मला आजही दिसतं. तंबूच तो, खाली माती, पण ते देवळात शिरावं तसे शिरले. मॅनेजरने "या कारभारी" म्हणून सतरंजीवर जागा केली. आमची यात्रा भैरवनाथाची, चैत्र वद्य अष्टमीची, म्हणजे कालाष्टमीची. पाडव्यापासून मोजून तीन आठवड्यांवर. अडचण अशी, की भैरवनाथाची ठाणी या मुलखात गावोगाव, आणि कालाष्टमीला यात्रा असलेली गावं पुष्कळ. त्या एका रात्रीसाठी पाच-पाच गावं एकाच फडाकडे येतात. त्यामुळे कालाष्टमी आणि चैत्री पौर्णिमा या दोन रात्रींचा भाव सगळ्यांत चढा. मॅनेजर वहीतल्या त्या तारखेवर बोट ठेवायचा आणि गप्प बसायचा. आबाही गप्प. मग गावची पडलेली पिकं, गेल्या सालची वर्गणी, फडातल्या नव्या मुलीचा आवाज, ट्रकच्या डिझेलचा खर्च असं सगळं बोलणं व्हायचं. रकमेचा आकडा मात्र शेवटी, हळू आवाजात. जमलं की इसार द्यायचा, पान-सुपारी घ्यायची आणि मॅनेजर तारखेपुढे गावाचं नाव लिहायचा. लिहिलं की संपलं. त्या दोन ओळींवर हजार-दीड हजार माणसं तीन आठवड्यांनी उघड्या माळावर येऊन बसायची.

या व्यवहाराला सुपारी म्हणतात. शब्दाला अलीकडे वेगळाच वास लागला आहे, पण आमच्या भागात सुपारी म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द. तमाशाच्या सगळ्या वाटचालीत टिकून राहिलेली गोष्ट हीच, असं मला वाटतं. वग बदलले, गाणी बदलली, कंदील जाऊन जनरेटर आले, बैलगाड्या जाऊन ट्रक आले. गाव आणि फड दर वर्षी पाडव्याला एकमेकांसमोर बसून नव्याने शब्द देतात, ती रीत मात्र मोडली नाही.

तमाशाचं मूळ पार पेशवाईच्या मागे नेता येतं, पण गावजत्रांमध्ये रात्रभर चालणारा जो तमाशा आम्ही पाहिला त्याचा कणा म्हणजे वग. पहिला वग 'मोहना बटाव', १८६५ सालचा, उमा बाबाजी मांग सावळजकर यांचा, असं तमाशाचे अभ्यासक सांगतात. गण, गवळण, बतावणी यांच्या पुढे एक सलग गोष्ट आली आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत बसायला लागला. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आले. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी. ब्राह्मणाच्या घरातून उठून फडात आले, नर्तिका पवळेबरोबर उभे राहिले आणि त्यांच्या लावण्या गावोगावच्या झीलकऱ्यांच्या तोंडी बसल्या.

मग १९४८ साली मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर सरकारने तमाशावर बंदी घातली. बीभत्सपणाचं कारण होतं. सगळंच चोख होतं असा दावा मी करणार नाही. पण ज्यांचं पोट त्या ढोलकीवर होतं त्यांना कुणी विचारलं नाही, हेही खरं. कलावंतांनी दाद मागितली, बंदी उठली, पण वग तपासून घ्यायची अट राहिली. पुढे फडांच्या पाट्यांवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी नावं आली. 'लोकनाट्य' हा शब्द अंगावर घेतलेल्या शालीसारखा होता. आत माणसं तीच.

नारायणगावचं नाव या सगळ्यात ठळक झालं ते खुडे घराण्यामुळे. शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे नारायण खुडे यांनी फड उभा केला, आणि त्यांच्या भाऊ आणि बापू या मुलांनी 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने तो वाढवला. भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. ज्या नावापुढे पुढे 'तमाशासम्राज्ञी' लागलं त्या या बाई. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींच्या हातून गौरवाची पदकं मिळाली. त्यांची एक हकिकत मराठी मुलखात माहीत नाही असा माणूस विरळा. दिवस भरलेले असताना त्या खेळ करत होत्या. कळा सुरू झाल्या म्हणून आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर यायला निघाल्या. प्रेक्षकांनी हात जोडले आणि खेळ थांबवा म्हणाले. आबा ही हकिकत सांगायचे तेव्हा बाईंच्या धैर्यावर थांबत नसत. "लोकांनी हात जोडले," एवढंच पुन्हा म्हणायचे. त्यांच्या लेखी गोष्ट गावाची होती. समोरच्या बाईला काय झालंय हे ज्या क्षणी गावाला कळलं, त्या क्षणी गाव कसं वागलं, याची.

आणि गाव नेहमी तसं वागलं नाही. फडाच्या पाटीवर 'मांग' लिहिलेलं असे, 'महार' लिहिलेलं असे, कोल्हाटी समाजाच्या बाया त्यात नाचत असत. रात्रभर ज्यांच्या वगातल्या राजाला टाळ्या पडायच्या, त्याच राजाला सकाळी पाणी वरून ओतलं जायचं. आमच्या गावातही फडाचा मुक्काम वेशीबाहेरच्या चिंचेखाली असे आणि त्याचं कारण 'मोकळी जागा' असं सांगितलं जाई. जागा गावात देवळामागेही होती. हे लिहिल्यावाचून ही वाटचाल लिहिता येणार नाही. विठाबाईंचेही शेवटचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं, ते योग्यच आहे. पण तो सन्मान त्यांच्या वाट्याला त्या असताना यायला हवा होता.

फडाचं वर्ष आपल्या वर्षासारखं नसतं. ते दसऱ्याला सुरू होतं. पावसाळ्यात घरी पांगलेली माणसं मालकाकडे परत येतात, उचल घेतात, तालमी होतात आणि तंबू निघतो. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात: नाचणाऱ्या मुली, गायिका, ढोलकीवाले, हलगीवाला, सोंगाड्या, वगात राजा नि प्रधान होणारे, आणि त्यांच्या दुपटीने राबणारे तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाक करणारे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिकिटाचे खेळ. गाव धरायचं, कनात लावायची, भोंगा फिरवायचा, गल्ला भरला तर भरला. थंडीत कित्येकदा रिकाम्या तंबूत खेळ करावा लागतो. मालक सावकाराकडून उचललेल्या पैशावर फड ओढत आणतो तो चैत्राच्या भरवशावर. कारण चैत्रात तिकीट नाही. गाव वर्गणी काढतं, गाव सुपारी देतं आणि ज्याला यायचं तो येऊन बसतो. ज्या घरात चूल पेटायची मारामार असे, त्या घरातलं पोरही पहिल्या रांगेत असायचं. अक्षय्य तृतीया, बुद्ध पौर्णिमेपर्यंत ही धावपळ. मग देणी भागवून फड पांगतो. चैत्र चुकला तर सगळं वर्ष चुकलं.

आमच्या यात्रेची रात्र अशी. संध्याकाळी हारतुरे, मग छबिना, पालखी देवळात परतली की माणसं घोंगड्या घेऊन माळाकडे निघायची. बोर्ड, म्हणजे मंच, दोन ट्रकांच्या मध्ये फळ्या टाकून केलेला. पडद्यामागे आरसे लागलेले असायचे आणि आम्ही पोरं कनातीच्या फटीला डोळा लावून. ढोलकी आणि हलगीची सलामी सुरू झाली की माळावरचा कालवा एकदम बसायचा. आमच्या गावात येणाऱ्या एका फडाचा ढोलकीवाला ढोलकी कमरेला बांधायच्या आधी शाईवर तळहात नुसता फिरवायचा, दोनदा, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पहिली थाप. ती थाप छातीत लागायची. माझ्या कानात आजवर जेवढं संगीत गेलं आहे, त्यात ती थाप सगळ्यांत खाली, पायाच्या दगडासारखी आहे.

गण व्हायचा. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची ती मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष, आणि तिच्या तोंडी चालू सालच्या सगळ्या बातम्या. सरपंचाची नळयोजना, साखर कारखान्याचा हप्ता, तलाठ्याची खुर्ची, सगळं गवळणीत यायचं. फडातलं कुणीतरी दुपारी गावात चहाला फिरून हे गोळा करून आणत असे. पुढारी पहिल्या रांगेत बसून ऐकत आणि हसत. हसावंच लागे. वर्षातून एकदा गावात जिच्या तोंडाला कुणी हात लावू शकत नव्हतं, ती ही मावशी. मग बतावणी, रंगबाजीतल्या लावण्या, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग.

वगात आम्ही काय काय पाहिलं! इतिहास पाहिला, डाकू पाहिले, सासुरवास पाहिला. कांताबाई सातारकर शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या, त्याचं वर्णन आबा करत तेव्हा आवाज खाली यायचा. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या घडल्या, १९६४ साली खेडकर गेले, त्यानंतर त्यांनी स्वतःचा फड उभा केला. पुरुषांनी साडी नेसून मावशी व्हायचं आणि बाईने जिरेटोप घालून सिंहासनावर बसायचं, हे तमाशाला कधी अवघड गेलं नाही. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न', सांगलीकडच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा 'जहरी प्याला', ही नावं आमच्याकडे देवादिकांच्या नावांसारखी घेतली जात. दादूंना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. नारायणगावच्या राहुट्यांवरच्या पाट्या तर मला तोंडपाठ होत्या: दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, भिका-भीमा सांगवीकर, मालती इनामदार. काही पाट्यांवर दोन नावं असत आणि मध्ये 'सह' असे. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. मुलगा सह आई. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांच्या पाटीवर त्यांच्याबरोबर मुलाचं, नितीनकुमारांचं नाव. पाटी वाचली की घराणं कळायचं.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती हजेरी. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिची फारशी कल्पना नसते. रात्रभर खेळ झाल्यावर सकाळी फडाने देवळासमोर येऊन पुन्हा गायचं, हा सुपारीतला भाग. फडाने देवापुढे लावायची ही हजेरी. डोळ्यांत झोप, चेहऱ्यावर रात्रीचा रंग अर्धा राहिलेला, घुंगरं तीच. ना मंच ना दिवे. दगडी पायऱ्यांसमोरच्या मोकळ्या जागेत गोल करून माणसं बसलेली आणि चैत्रातलं कोवळं ऊन. आमच्या गावात बायका रात्रीच्या तमाशाला जात नसत. माझी आजी आयुष्यात कधी माळावर गेली नाही. पण हजेरीला ती ओसरीवरून उठून देवळाच्या भिंतीशी येऊन बसायची, पदर डोक्यावरून पुढे ओढून. तिला गवळणी पाठ होत्या. दळताना म्हणायची. वग तिने एकही पाहिला नाही, वगाची गोष्ट तिला आम्ही पोरं सांगायचो, आणि ती ऐकून म्हणायची, "राणीचं चुकलंच." हजेरी संपली की फडातल्या बायकांना ती घरी नेऊन दूध द्यायची. कपबशीतून. त्या कपबशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. गावात त्यावरून कुजबुज झाली होती, असं मला फार पुढे कळलं.

हजेरी संपली की कुस्त्यांचा आखाडा, आणि आमच्या भागात त्याहून मोठा आनंद म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट. तमाशा, आखाडा, घाट हे यात्रेचे तीन पाय. एक पाय लुळा झाला की उरलेल्यांवर भार येतो, हे पुढे सगळ्यांनी पाहिलं.

एका वर्षीची गोष्ट सांगायला हवी. नव्वदीतलं साल. मी नुकता नोकरीला लागलो होतो, यात्रेला आलो होतो. फड ठरलेला, गावाने माळावर बोर्डासाठी खड्डे घेतलेले. संध्याकाळ झाली, छबिना झाला, दहा वाजले, फड नाही. आदल्या रात्रीच्या गावाहून निघालेला ट्रक घाटात बंद पडला होता. फोनची सोय कुठली. साडेअकराला भोंगा वाजला तेव्हा माळावरचं गाव पेटलेलं होतं. पोरांनी कनात फाडली. दगड आले. एक दगड पेटीवाल्याच्या हाताला लागला. पोलीसपाटील मध्ये पडले, दिवे लागले, आणि फडाने खेळ केला. हाताला फडकं बांधून त्या माणसाने पहाटेपर्यंत पेटी वाजवली. सकाळी कमिटीतले काही जण म्हणाले, उशीर झाला, पैसे कापा. हजेरी चालू होती. हजेरीच्या शेवटी आबा उठले, गोलाच्या मध्ये गेले आणि गावादेखत त्यांनी फडाच्या मालकिणीपुढे हात जोडले. एक शब्द बोलले नाहीत. पैसे पुरे दिले गेले. पुढच्या पाडव्याला ते नारायणगावला उतरले ते सरळ त्याच राहुटीत गेले. मालकिणीने पाहिलं आणि वहीत कालाष्टमीवर बोट न ठेवता म्हणाली, "कारभारी, तुमची तारीख मोकळी ठेवलीय." माझ्याकडे सुपारीच्या या रीतीचा इतिहास म्हणून जे काही आहे त्यात हे वाक्य सर्वांत वर आहे.

नंतरची वर्षं अवघड गेली. ऑर्केस्ट्रे आले. व्हिडिओ आले. पोरांना रंगबाजीत सिनेमाची गाणी हवी झाली आणि फडांनी ती दिली. त्याबद्दल फडांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मागणी गावाची होती, आणि वर्गणी तरुण पोरं गोळा करत होती. मोठा घाव मात्र ध्वनिक्षेपकाच्या वेळेचा बसला. रात्री दहानंतर भोंगा बंद. नियम २००० सालचा, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कडक केला. ठरावीक दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते. नियमाचं कारण मला मान्य आहे, आजारी माणूस आणि अभ्यासाचं पोर प्रत्येक गावात असतं. पण ज्या नाट्याचा वग मध्यरात्रीनंतर सुरू होत असे त्याचं काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. गण आखडला, गवळण दहा मिनिटांवर आली, बतावणी गळाली, आणि वग कित्येक गावांत उरलाच नाही. दीडशे वर्षं ज्या कण्यावर तमाशा उभा होता, तोच आधी काढला गेला. वग लिहिणारे थांबले. वगातला राजा करणारी माणसं फडात तिकिटं फाडायला लागली. आज ज्याला लोक तमाशा समजतात ती नुसती नाच-गाणी आहेत, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढे २०१४ साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. आमच्या भागातल्या यात्रेचं अर्धं माणूस घाटासाठी येत असे. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं सुट्टी काढून यायची ती बैलांसाठी. घाट ओस पडला तशी वर्गणी खाली आली, आणि वर्गणी खाली आली की कमिटी पहिली काट मारते ती सुपारीवर. काही गावांनी तमाशा बंद केला, काहींनी लहान फड धरले. आमच्या गावाने तमाशा ठेवला. आबा तेव्हा नव्हते, पण त्यांच्या वयाची दोन माणसं कमिटीच्या बैठकीत नुसती येऊन बसली होती.

यात्रेची जमाखर्चाची वही आता माझ्याकडे आहे. नोकरीतून मोकळा झाल्यावर कमिटीने ती माझ्या हाती दिली. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नारायणगावात राहुट्या उभ्या होत्या, माणसं येणार नव्हती. आम्ही त्या पानावर लिहिलं: यात्रा रद्द, पाच माणसांत देवाला नैवेद्य. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला. त्याच रात्री राज्यात नवे निर्बंध जाहीर झाले. पुन्हा तीच ओळ. वरचं पान पाहून शब्द उतरवले.

दोन चैत्र गेले म्हणजे फडाची दोन वर्षं गेली. मी वर सांगितलं तसा फडाचा सगळा हिशेब चैत्रावर मिटतो. कलावंत मजुरीला गेले, भाजी विकायला बसले, ट्रक उभ्या जागी गंजले, तंबू उंदरांनी खाल्ले. काही मालकांनी फड कायमचे मिटवले. २५ मे २०२१ ला कांताबाई सातारकर गेल्या, कोरोनाने. आमच्या कमिटीने त्या वर्षी एक केलं. जमलेल्या थोड्या वर्गणीतून फडाकडे काही पोचवलं. याचं कौतुक व्हावं म्हणून मी हे लिहीत नाही. अशी गावं पुष्कळ होती. हिशेब तपासायला बसलेल्या एका तरुण सभासदाने विचारलं होतं, हे कुठल्या खात्यात दाखवायचं. मी 'तमाशा' या खात्यात दाखवलं.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. आणि २०२२ चा पाडवा, २ एप्रिल, शनिवार. राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध त्याच दिवसापासून उठले. सकाळी गुढी उभी केली आणि आम्ही पाच जण जीप काढून नारायणगावला गेलो. राहुट्या पूर्वीपेक्षा विरळ होत्या. काही पाट्या दिसत नव्हत्या. पण माणसांची रीघ होती, जत्रेसारखी. प्रत्येक राहुटीत पुढारी बसलेले, चहाचे कप फिरत होते. आम्ही ज्या राहुटीत गेलो तिथला मॅनेजर माझ्याच वयाचा, त्याचे वडील याच फडात ढोलकीला. त्याने वही उघडली. कोरी करकरीत नवी वही. पहिल्याच पानावर चैत्रातल्या तारखा आखलेल्या. मी पायताण बाहेर काढूनच आत गेलो होतो.

त्या वर्षीची कालाष्टमी २३ एप्रिलला आली. रात्री बारापर्यंत खेळ झाला, आटोपशीर, पण शेवटी त्यांनी अर्ध्या तासाचा वग लावला. आम्ही मागितला होता. गवळणीतल्या मावशीने आमच्या गावच्या विलगीकरणाच्या शाळेवरून सरपंचाला धारेवर धरलं आणि सरपंच, तेव्हा एक बाई होत्या, पहिल्या रांगेत बसून हसत होत्या. त्यांच्या मागे गावातल्या बाया बसल्या होत्या, भर रात्री, माळावर. हे आमच्या गावात पहिल्यांदाच होत होतं. कुणी ठरवलं नव्हतं. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं बाहेर पडली, ती सगळीच पडली.

सकाळी हजेरीला देवळासमोर आईसाठी खुर्ची टाकली. तिच्या सासूची जागा भिंतीशी होती, तिथेच. ढोलकीवाल्याने शाईवर तळहात फिरवला. ही खोड त्याला कुणाकडून आली ते मी विचारलं नाही. गण झाला, दोन गवळणी झाल्या. ऊन चढलं तशी माणसं घाटाकडे सरकायला लागली, बैलांच्या घुंगरमाळा ऐकू यायला लागल्या. फडाचे लोक ट्रकमध्ये पेट्या चढवत होते. त्या रात्री त्यांना पारनेरकडचं गाव होतं. मी उरलेले पैसे मॅनेजरच्या हाती दिले, त्याने मोजले, वहीत सही घेतली. "पाडवा कधीचा हो पुढचा?" त्याने विचारलं. मी पंचांग पाहून ठेवलंच होतं. २२ मार्च २०२३, बुधवार. त्याने ते पेन्सिलीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं आणि पुढे आमच्या गावाचं नाव घातलं.